झोन चार, मागचं दार

आमच्या गल्लीत चोरी झाली ती तांब्याच्या बंबाची. शेजारच्या आबांच्या परसात, न्हाणीबाहेर, तो बंब गेली वीसेक वर्षं गॅस गीझरचा आवाज ऐकत पेन्शनीत बसला होता. एका सकाळी तो जागेवर नव्हता. चोरानं आतली जुनी राख मात्र न्हाणीच्या कडेला नीट ओतून ठेवली होती. बंबापेक्षा आबांना तेच जास्त लागलं. "म्हणजे बघ, किती सवडीनं नेलाय," असं ते आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

बंब आबांचा गेला, झोप माझी गेली. आमच्या परसातही बरंच काही निवृत्त होऊन पडलंय. बायको म्हणाली, "कॅमेरा लावू या." पण कॅमेऱ्याचा स्वभाव मला माहीत आहे. तो रात्रभर चोरी बघत बसतो आणि सकाळी आपल्याला दाखवतो. मला चोर आत यायच्या आधी बोंब मारणारं काहीतरी हवं होतं, आमच्या बँकेत आहे तसं. (बँकेतलं ते यंत्र माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच ओरडलं, तेही शिपाई जळमटं काढत असताना. त्यावरून मी काहीच शिकलो नाही.)

तर एका रविवारी चोरघंटा बसवून देणारा अक्षय आमच्या दारात उभा राहिला. पाठीला सॅक, हातात ड्रिल मशीन आणि मागे शिडी धरून एक अबोल पोरगा.

"अर्ध्या दिसाचं काम हाय काका. च्या पिऊस्तवर होतंय."

पुढे नऊ दिवसांत त्यानं किती चहा प्यायला याचा हिशेब बायकोकडे आहे.

आमचं कराडातलं घर अर्धं जुनं, अर्धं नवं. पुढचा सोपा आणि माजघर काळ्या दगडाचं, भिंती दोन-दोन फूट जाड, वर कौलं. मागचं स्वयंपाकघर आणि वरची खोली मी ९८ साली आरसीसीत बांधली. अक्षयनं दोन्हीकडे टकटक करून पाहिलं आणि निकाल दिला, "काका, तुमाला हायब्रीड लागंल. वायर जाती तितं वायर, न्हाई जात तितं वायरलेस. येकच पॅनल. आठ झोन वायरीचं, बत्तीस बिनवायरीचं. झोन म्हंजे राखणीची येकेक जागा, दार नायतर खिडकी."

हा शब्द देवघरात माळ ओढत बसलेल्या आईच्या कानावर गेला.

"हायब्रीड? नको रे बाबा. ती भाकरी खाल्लीय आम्ही. पीक भरघोस, चव शून्य."

आईच्या पिढीला हायब्रीड म्हणजे ज्वारीच. अक्षय तिला समजावून सांगायला गेला आणि अर्ध्या तासानं शाळू आणि हायब्रीडमधला फरक समजून परत आला.

अक्षयचा बेत साधा होता. दगडी भिंतीला भोकं पाडायला नकोत, म्हणून जुन्या भागात वायरलेस, आणि नव्या भागात वायर, कारण तिथे भिंतीत पाइप आहेत. संध्याकाळपर्यंत दोन गोष्टी उघड झाल्या. दगडाच्या दोन फुटांतून दारा-खिडक्यांवरच्या सेन्सरच्या रेडिओ लहरी पलीकडे पोचत नव्हत्या. सोप्याचं दार उघडलं तरी माजघरातल्या पॅनलला त्याचा पत्ता नसायचा. आणि नव्या भागातले पाइप मी ९८ साली ज्या वायरमनकडून भरून घेतले होते, त्यानं त्यात मुंगी शिरायलाही जागा ठेवली नव्हती. तेव्हा बेत उलटा झाला. जुन्या भागात वायर, नव्या भागात वायरलेस, आणि पॅनल स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याच्या वर.

आता जुन्या भागातली वायर स्वयंपाकघरात आणायची कुठून? ड्रिलची दोन बिटं त्या काळ्या दगडात बोथट झाली. तिसऱ्या दिवशी अक्षय माजघराच्या भिंतीशी उकिडवा बसून बराच वेळ काहीतरी न्याहाळत होता.

"आज्जी, ही भेग कसली?"

ही भेग आमच्या घरातली सगळ्यांत जुनी सदस्य. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हाची. आई तेव्हा नवी नवरी होती. त्या पहाटेची गोष्ट सांगताना ती अजून हात जमिनीवर टेकवते. आजोबांनी ती भेग चुन्यानं भरली, वडिलांनी सिमेंटनं भरली, मी व्हाइट सिमेंटनं भरली. दर काही वर्षांनी ती पुन्हा डोकं वर काढते.

अक्षयनं स्क्रूड्रायव्हरनं तीन पिढ्यांची डागडुजी अलगद खरवडली आणि चार पदरी केबल आत सरकवली. ती स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी निघाली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या माहितीत कोयनेच्या भूकंपाचा एवढाच एक फायदा.

कामाच्या त्या दिवसांत मी मोबाइलवर वाचून वाचून या विषयात बरीच गती मिळवली. विजेवर चालणाऱ्या या चोरघंटेचं पेटंट १८५३ साली अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थांनी घेतलं. त्याच साली आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. दोन्ही शोधांचा वक्तशीरपणा तेव्हापासून आजवर साधारण सारखाच आहे.

दाराला बसवायचा सेन्सर अक्षयनं मला उघडून दाखवला. इंजेक्शनच्या बाटलीचं पिल्लू शोभेल अशी काचेची इवलीशी नळी, आत केसासारख्या दोन पत्र्या. दारावरचं चुंबक जवळ असलं की त्या एकमेकींना चिकटतात, दार उघडून चुंबक लांब गेलं की सुटतात. बस, एवढंच. मी ती नळी उजेडाकडे धरून चुंबक पुढंमागं करत बसलो. इतकं बारीक 'टिक' व्हायचं की कानाशी धरावं लागे. माझं सगळं घर यापुढे या टिकवर अवलंबून असणार होतं.

वाचनाचा एक तोटा झाला. मला रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा इवलासा तुकडा, कळला. वायरच्या अगदी टोकाला, सेन्सरच्या पोटात, ठरावीक मापाचा एक रेझिस्टर बसवायचा असतो. पॅनल तो सारखा मोजत राहतं. चोरानं वायर तोडली तर रोध एकदम अमाप होतो, हुशारी करून दोन तारा जोडल्या तर शून्य होतो. दोन्हीकडून तो सापडतो. मी पॅनलचं झाकण उघडून पाहिलं, तर रंगीत पट्ट्यांचे ते सगळे रेझिस्टर आतच, ओळीनं, शहाण्या मुलांसारखे बसलेले.

"अक्षय, हे टोकाला हवेत ना?"

"हितं हाताशी येत्यात काका. न्हाईतर दर टायमाला शिडी."

म्हणजे शेताच्या बांधावर उभा करायचा राखणदार आम्ही घरात, पलंगावर निजवला होता. ते बाहेर न्यायला दोन दिवस आणि चौदा चहा लागले.

शेवटी यादी तयार झाली. अक्षयनं ती वहीच्या कागदावर लिहून फ्रिजला चिकटवली: झोन एक पुढचं दार, झोन दोन सोप्याची खिडकी, झोन तीन माजघर मोशन, झोन चार मागचं दार. पुढची नावं तेलाच्या डागाखाली गेली. संकटात सापडलेल्या घराचा निरोप पाच जणांना फोन करून सांगायची सोय पॅनलमध्ये होती. निरोप माझ्या आवाजात रेकॉर्ड करायचा, दहा सेकंद. मी घसा साफ करून गंभीर आवाजात म्हणालो, "आमच्या घरात अनोळखी व्यक्ती शिरली आहे, ताबडतोब," आणि मागून आई ओरडली, "अगं, दूध उतू गेलं!" दहा सेकंद संपले. अक्षय म्हणाला, नंतर बदलू. तो नंतर अजून यायचाय.

उरला कोड. आईला आकडे लक्षात राहावेत म्हणून मी १९६७ ठेवला. भूकंप ती विसरणं शक्य नव्हतं. पण आणखी एक कोड लागतो. चोरानं मानेवर सुरी ठेवून "बंद कर" म्हटलं, तर तो दाबायचा. सायरन मुकाट्यानं बंद होतो आणि आतल्या आत पाचही जणांना संकटाचा निरोप जातो. तो मी १९७२ ठेवला, दुष्काळाचं साल. आईला म्हटलं, "घरी आलीस की भूकंप. चोर असला तरच दुष्काळ." तिनं मान डोलावली.

पहिल्याच गुरुवारी आई भजनाहून परतली आणि तिनं दुष्काळ दाबला. तीन मिनिटांत पुण्याहून दाजींचा फोन.

"आई, घाबरू नका. फक्त हो किंवा नाही म्हणा."

"कशाला घाबरू?"

"म्हणजे बोलता येत नाहीये का?"

"अहो जावईबापू, बोलतेय की!"

"किती जण आहेत?"

"कोण? मी आणि गोपाळकृष्ण."

दाजींनी मला बँकेत फोन करून सांगितलं की घरात दोन माणसं आहेत आणि त्यांतल्या एकाचं नाव कळलंय.

आईचं म्हणणं, भूकंप वीस सेकंदांत आटोपला, दुष्काळ दोन वर्षं भोगला, मग लक्षात काय राहणार? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाहेर पडायला पॅनल पंचेचाळीस सेकंद देतं. आधी सावकाश बीप, मग भराभर. पंचेचाळीस सेकंदांत आमच्या घरातून एकही माणूस आजवर बाहेर पडलेला नाही. डबा राहतो, चष्मा राहतो, गॅस बंद केला का हे बघायला एक जण आत जातो. पाहुणे असले तर "येतो" म्हटल्यावर उंबऱ्यातच वीस मिनिटं जातात. साताऱ्याच्या मावशीनं त्या बीपच्या तालावर मला सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगितली आणि शेवटच्या गाऱ्हाण्याला सायरन वाजला. तिला वाटलं, यंत्र तिच्या बाजूनं आहे.

आता माजघरातला तो झोन तीन. या सेन्सरला चोर दिसत नाही, त्याला हलणारी ऊब दिसते. हे मला आधी सांगितलं असतं तर मी काचेचं कौल काढून टाकलं असतं. आई दहाला भजनाला जाते, आम्ही दोघं नोकरीवर. घर रिकामं, सिस्टिम पूर्ण चालू. दहा चाळीसला त्या कौलातून उन्हाचा कवडसा थेट सेन्सरच्या तोंडावर उतरायचा. खोक्यावर ११० डेसिबल लिहिलंय, ते खरं आहे. समोरच्या शिंप्यानं नंतर मला विचारलं, "रविवारी वाजत नाही का? माझी चहाची वेळ चुकते."

कौलावर आतून पुठ्ठा लावला. मग मांजर. सेन्सर पंचवीस किलोपर्यंतच्या प्राण्यांना माफ करतो, असं अक्षय म्हणाला होता. आमची मनी साडेतीन किलोची. पण ही माफी जमिनीवर चालणाऱ्या मांजराला असते. मनी फडताळावर चढून सेन्सरच्या डोळ्याला डोळा भिडवून बसली. मनीचा बंदोबस्त केला, तर पाल. मनात शंकेची पाल चुकचुकते असं लहानपणापासून ऐकत आलो. आमच्याकडे ती सेन्सरच्या भिंगावरून चालत गेली, रात्री नाही, भर दुपारी, आबांच्या नातीला पाहायला पाहुणे आले असताना.

पहिल्यांदा सायरन वाजला तेव्हा सोळा माणसं धावून आली होती. काठ्या, टॉर्च, एकाच्या हातात क्रिकेटची बॅट. सगळ्यांना चहा झाला. दुसऱ्यांदा नऊ. चौथ्यांदा फक्त आबा, तेही पायरीवर बसून म्हणाले, "पाल का मांजर?" त्यानंतर कुणी आलं नाही. पुण्याहून दाजीही आता फोन उचलून एवढंच विचारतात, "दूध काढलं का खाली?"

आणि मागचं दार. तिथे आईची स्वतःची व्यवस्था आहे, लग्न होऊन आली तेव्हापासूनची. दाराला आडणा, त्याला टेकून पितळी घागर, घागरीवर तांब्या, तांब्यावर फुलपात्र. अक्षयनं झोन चारचा सेन्सर लावताना हात जोडून सांगितलं, "आज्जी, आता घागर नको. ह्यो हाय की." आईनं सेन्सरकडे खालून वर पाहिलं. "असू दे की तोही," म्हणाली. घागर हलली नाही.

परवाची रात्र. अडीच वाजता पॅनल बोलायला लागलं. सायरन नव्हे, मिनिटाला एक बीप. आम्ही घरात झोपलेलो असल्यामुळे माजघराचा सेन्सर बंद होता, दारं-खिडक्या तेवढ्या चालू. मी अंधारात पॅनलपाशी गेलो. झोन चार, बॅटरी कमी. वायरलेसचं हे एक असतं. वायरवाले सेन्सर घरच्या विजेवर जेवतात, यांना अधूनमधून लिथियमचा सेल खायला घालावा लागतो. बायकोची झोप मोडू नये म्हणून मी दिवा लावला नाही. झाकण उघडून सेल फिरवून बघू, म्हणून मागच्या दाराशी वाकलो आणि कोपर कशाला तरी लागलं.

आधी फुलपात्र पडलं, ते नुसतंच फरशीवर गरगरलं. मग तांब्या. मग घागर आडवी झाली आणि ओट्याखालून, मोरीवर आपटत, भूकंपात सापडल्यासारखी पार माजघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली.

दोन मिनिटांत दार वाजायला लागलं. समोरचा शिंपी बनियनवर, बॅटवाला पोरगा बॅटसकट, वरच्या आळीतली दोघं मी आजवर कधी पाहिली नव्हती. सगळ्यांच्या पुढे आबा, हातात नव्या बंबाचा चिमटा.

"काय झालं?"

"काही नाही आबा. घागर पडली."

"तरी म्हटलं. भोंगा असता तर उठलो नसतो."

मी पॅनलकडे पाहिलं. हिरवा दिवा. सगळी दारं बंद, सगळ्या खिडक्या बंद, घरात काहीही घडलेलं नाही. बायकोनं चहाचं मोठं पातेलं चढवलं तेव्हा मी माणसं मोजली. सतरा होती.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "अरे, फुलपात्राला पोचा आलाय का बघ."