प्रोजेक्टचे मार्क पुढच्या मे महिन्यात द्या

आपण इंदूरची माणसं सकाळी उठून "नर्मदा आली का" विचारतो आणि नळ सोडतो, ते पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर पंप होत, घाट चढून येतं, 1978 पासून. आणि इथून दीडशे किलोमीटरवर झाबुआकडे बऱ्याच हापशांच्या पाण्यात फ्लोराईड आहे. माझी भाची सिव्हिलच्या थर्ड इयरला आहे, त्यांचा ग्रुप तिकडच्याच एका फलियात (भिल्लांच्या वस्तीत) पाण्याचं प्रोजेक्ट करतोय, म्हणून हे लिहितेय.

लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं, असं आपलं मानक सांगतं. त्याच्या वरचं रोज पोटात गेलं की लहान मुलांचे दात डागाळतात, आणि फारच जास्त असेल तर वर्षानुवर्षांनी हाडं धरतात, पाय वाकतात. दिसायला पाणी एकदम स्वच्छ. उकळून काही होत नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं! त्यामुळे आधी टेस्टिंग, तेही प्रत्येक हापशाचं वेगळं.

पोरांना फिल्टर लावायची घाई असते, ते मी समजू शकते. अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना (फ्लोराईड धरून ठेवणारे दाणे) भरला की डेमोला मस्त पाणी येतं, फोटो होतात, रिपोर्ट सबमिट. पण काही महिन्यांनी तो माल काम करेनासा होतो, मग कॉस्टिक सोडा नि अ‍ॅसिडने धुवायचा, ते कोण करणार, सामान कुठून आणणार, धुतलेलं घाण पाणी कुठे सोडणार? नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची नालगोंडा पद्धत सोपी आहे, तुरटी, चुना, ब्लीचिंग टाकून ढवळायचं आणि गाळ बसू द्यायचा, पण तीही रोज, मापात करावी लागते आणि करणार घरातली बाईच. मग तिला पहिल्या मीटिंगलाच विचारा ना, सरपंचांशी बोलून परत का येता?

मला स्वतःला पटतं ते उथळ विहिरीचं पुनर्भरण, म्हणजे पावसाचं पाणी अडवून तिच्या आसपास जमिनीत मुरवणं. अशा विहिरीत फ्लोराईड बहुतेक वेळा कमी असतं (तरी टेस्ट कराच) आणि गहू-हरभऱ्याला एखादं पाणी जास्त मिळतं. भिल्लांची हलमाची रीत आहे, सगळ्यांनी मिळून राबायचं, झाबुआच्या हाथीपावा डोंगरावर त्यांनी असेच पाणी अडवणारे चर खणलेत, त्या कामामागच्या महेश शर्मांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. पोरांनी लेव्हल (जमिनीचा उतार मोजायचं यंत्र) घेऊन त्यांच्याबरोबर उभं राहावं, पाणी कुठून वाहतं ते त्या लोकांना पाठ आहे. फक्त सोलर पंप बसवताना सांभाळा, वीजबिल नाही म्हणून दिवसभर उपसा झाला तर उन्हाळ्यात प्यायलाही उरत नाही, तेव्हा शेताला किती नि घराला किती हे गावाने आधीच ठरवलेलं बरं.

इथल्या कॉलेजांत शिकवणारे बरेच जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, त्यांना हात जोडून विनंती. अर्धे मार्क सबमिशनला द्या आणि अर्धे पुढच्या मेमध्ये, जाऊन पाणी तपासून, पंप चालतोय का बघून. तोवर बॅच पास होऊन जाईल म्हणाल, तर ज्युनिअर पोरांना आत्तापासून सोबत न्या. भाचीच्या ग्रुपने दोन सेकंड इयरवाले घेतलेत, आणि फलियातली एक मुलगी टेस्ट किट वापरायला शिकतेय.