‘मोनिन’ : कुरघोडी नव्हे, साथ

नमस्कार. ‘मोनिन’ या जॅझ अल्बमवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लेखात मी म्हटलं होतं, की त्यातल्या पाच वादकांचं छान जमलेलं आहे, त्यामागे ‘वर्षानुवर्षांची सोबत’ आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ड्रमवादक आर्ट ब्लेकी आणि त्याच्या जॅझ मेसेंजर्स या बँडच्या ‘मोनिन’मधले पाच जण एकत्र येऊन जेमतेम काही महिने झाले होते, बहुतेक रचना टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या बेनी गोल्सनने आधीच लिहिलेल्या होत्या आणि ब्लेकीचा ड्रम सगळ्यांवर कुरघोडी करतो. मग त्यांचं ‘जमलेलं’ असणं मला दिसलं कुठे?

पहिला मुद्दा मान्य. ‘वर्षानुवर्षांची सोबत’ हे लिहिणं चूकच होतं, लेखात दुरुस्ती केली आहे. पण ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या हॅकेनसॅकला ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या घरच्या दिवाणखान्यात या अल्बमसाठी जमलेली ही माणसं एकमेकांना परकी नव्हती. ब्लेकी सोडला तर चौघंही फिलाडेल्फियाचे. गोल्सन आणि २० वर्षांचा ट्रम्पेटवादक ली मॉर्गन आधी डिझी गिलेस्पी या नामवंत ट्रम्पेटवादकाच्या बिग बँडमध्ये (मोठ्या जॅझ वाद्यवृंदात) एकत्र होते.

शीर्षकरचना मात्र पियानोवाल्या बॉबी टिमन्सची. पहिल्या आठ बारमध्ये (बार म्हणजे ठोक्यांचा ठरावीक गट) त्याचा पियानो एकटा साद घालतो आणि बाकीचे दोन ठोक्यांत उत्तर देतात, कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये प्रवचनाला ‘आमेन’ येतं तसं. पुढच्या आठात ट्रम्पेट आणि टेनर साद घेतात, उत्तर मागून येतं. एवढं कागदावर मावतं. ते ‘आमेन’ किती दाबून द्यायचं, त्याआधी किती श्वास थांबायचं, हे कोण लिहून देणार?

आणि लिहिण्याचंच म्हणाल, तर याच अल्बममधली ‘ड्रम थंडर स्वीट’ गोल्सनने ब्लेकीचे हात डोळ्यांसमोर ठेवूनच रचली. माणूस ओळखल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

कुरघोडीबद्दल मात्र माझं मत ठाम वेगळं आहे. सोलोची (एकट्या वादकाच्या वादनाची) फेरी संपत आली की ब्लेकी स्नेअर या ड्रमवर काठ्या दाबून रोल, म्हणजे सलग घुमणारा नाद, चढवत नेतो आणि वाजवणाऱ्याला पुढच्या फेरीत झेप घ्यावीच लागते. माझ्या लेखी ही साथच, फक्त पाठीवर हात ठेवून ढकलणारी. अल्बममधल्याच ‘अलाँग केम बेटी’त तोच माणूस किती मवाळ होतो! धून हळुवार चालते आणि तो तिच्या वाटेत येत नाही. त्याखाली जिमी मेरिटचा बेस मुद्दाम ऐका, त्याच्याबद्दल मीही लेखात फार कमी लिहिलं होतं.

पॅरिसच्या क्लब सां-जर्मेनमधलं डिसेंबर १९५८ चं ध्वनिमुद्रण याच पाच जणांचं आहे. ते ऐकूनही कुरघोडीच वाटली, तर जरूर लिहा, फक्त नेमकी रचना आणि नेमकं मिनिट सांगा. मी तेवढं पुन्हा ऐकेन.