म्हणे, दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तर कळवा!

गुरुवारी, १० मार्च २०११ ला, इलिनॉय राज्याचे गव्हर्नर पॅट क्विन यांनी बाहेरच्या ऑनलाइन दुकानांकडून सेल्स टॅक्स गोळा करवून घेण्याच्या विधेयकावर सही केली आणि शुक्रवारी सकाळी माझ्याकडे मेल हजर. ज्या ऑनलाइन दुकानाच्या मिक्सर-कुकरच्या लिंका मी माझ्या साइटवर देते, आणि त्या लिंकांवरून विक्री झाली की जे मला कमिशन देतात, त्यांचं. भाषा काय गोड! आजवरच्या सहकार्याबद्दल आभार, इलिनॉयच्या नव्या कायद्यामुळे नाइलाज, एप्रिलच्या मध्यापासून इलिनॉयमध्ये राहणाऱ्या कुणालाही कमिशन मिळणार नाही. तुमच्या लिंका मात्र चालू राहतील, हेही आवर्जून लिहिलंय. म्हणजे माझा लेख वाचून गिऱ्हाईक त्यांच्याकडे जाणार, माल विकला जाणार, आणि माझ्या हातात एक सेंट पडणार नाही. आणि सगळ्यात खाली ती ओळ: आपण दुसऱ्या राज्यात राहायला गेल्यास आम्हाला कळवा, आपल्या अर्जाचा आनंदाने विचार करू.

राहायला गेल्यास! शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये घर आहे आमचं. त्यावर कर्ज आहे, आणि बाजार पडल्यापासून ते घर घेतल्या भावाला कुणी विचारत नाही. नवरा रोज पहाटे मेट्राची लोकल पकडून शिकागोला जातो. मुलगी आठवीत आहे. सासूबाईंना इथला हृदयाचा डॉक्टर पाच वर्षांपासून ओळखतो. हे सगळं ट्रकमध्ये भरायचं आणि तासाभरावरच्या इंडियानात नेऊन ठेवायचं, का? तर कुकरच्या रिंगेवर लिहिलेल्या लेखाचं कमिशन मिळावं म्हणून! आणि तेही लगेच नाही, आधी अर्ज करायचा. मग हे आनंदाने विचार करणार. अरे, तुमचा आनंद घाला चुलीत! ती ओळ मी कितीदा वाचली असेल आणि दर वेळी कानशिलं तापली. ज्यानं लिहिली त्याला कळतं तरी का, की समोर माणूस आहे, कुटुंब आहे? का नुसता पिन कोड आहे?

आता हा कायदा काय म्हणतो बघा. बाहेरच्या राज्यातल्या दुकानानं इलिनॉयमधल्या साइटशी कमिशनचा करार केला, आणि अशा साइटांवरून वर्षात दहा हजार डॉलरच्या वर विक्री झाली, की त्या दुकानाचं इलिनॉयमध्ये 'अस्तित्व' आहे असं धरायचं. मग त्यानं इलिनॉयच्या गिऱ्हाइकांकडून ६.२५ टक्के सेल्स टॅक्स गोळा करायचा. म्हणजे माझ्या बेसमेंटमधला लॅपटॉप हे त्या दुकानाचं अस्तित्व! मी त्यांचा माल ठेवत नाही, विकत नाही, पैसे घेत नाही, पार्सल बांधत नाही. एकशेदहा व्होल्टवर कुठला मिक्सर ओलं खोबरं बारीक वाटतो आणि कुठला पाच मिनिटांत जळका वास सोडतो, हे मी स्वतः वाटून बघून लिहिते. भारतातून आणलेल्या कुकरला इथली कुठली रिंग बसते, चकलीचा सोऱ्या कुठे मिळतो, हे लिहिते. ही जाहिरात झाली. फार तर शिफारस. शिकागोच्या पेपरात सिअ‍ॅटलच्या दुकानाची पानभर जाहिरात आली तर त्या पेपराला कुणी दुकानाचा एजंट म्हणतं? टीव्हीवाल्यांना म्हणतं? त्यांच्या वाटेला जायची हिंमत नाही, कारण ते उलटे चावतील. आम्ही सापडलो घरात बसलेले, एकेकटे, विखुरलेले.

आणि हे इलिनॉयनं करावं! बाहेरच्या राज्यातल्या दुकानाकडून कर वसूल करता येत नाही, हा नियम सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये घालून दिला तो इलिनॉयच्याच महसूल खात्याविरुद्धच्या खटल्यात. मिझुरीतली नॅशनल बेलास हेस ही पोस्टानं माल विकणारी कंपनी जिंकली, इलिनॉय हरलं. १९९२ मध्ये क्विल कंपनीच्या खटल्यात कोर्टानं पुन्हा तेच सांगितलं, की दुकान, गोदाम, माणूस असं काहीतरी राज्यात प्रत्यक्ष असल्याशिवाय कर गोळा करायची सक्ती नाही. त्या वेळी कर मागत होतं नॉर्थ डकोटा आणि जिंकलेली क्विल आमच्याच इलिनॉयमधल्या लिंकनशायरची, इथून पाऊण-एक तासावरची. कॅटलॉग छापून घरोघरी माल पाठवायचा धंदा देशात वाढला तो याच शिकागोत. माँटगोमेरी वॉर्ड १८७२ पासून, मागोमाग सिअर्स. आणि आज या कायद्यासाठी मोठमोठी दुकानं, त्यांत तीच सिअर्स, राजधानीत, स्प्रिंगफिल्डमध्ये, जोर लावून उभी! त्यांना बाहेरच्या ऑनलाइन दुकानांशी भांडायचंय ना, खुशाल भांडा. तुमच्या भांडणात माझा बळी का?

बरं, कर तरी मिळणार आहे का? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. दुकानाला कर नको असेल तर त्यानं एवढंच करायचं, आमच्यासारख्यांना काढून टाकायचं. करार संपला, 'अस्तित्व' संपलं. शेजारची बाई काल मागवायची तसा उद्याही त्याच दुकानातून बिनकराचा मिक्सर मागवेल. राज्याला सेल्स टॅक्सचा एक पैसा नाही, आणि माझ्या कमिशनवर मी जो इन्कम टॅक्स भरत होते तोही बुडाला. आमच्यासारख्या लिंका देणाऱ्यांची संघटना सांगते की राज्यात असे नऊ हजार जण आहेत. त्या सगळ्यांचा हिशेब करा!

आणि हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. २००९ मध्ये ऱ्होड आयलंड आणि नॉर्थ कॅरोलायनानं हेच केलं आणि तिथल्या लोकांना दुकानांनी असंच एका मेलमध्ये वाऱ्यावर सोडलं. गेल्या वर्षी, २०१० मध्ये, कोलोरॅडोतल्या लोकांचंही तेच झालं. त्याच २००९ मध्ये कॅलिफोर्नियात गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी आणि हवाईत गव्हर्नर लिंगल बाईंनी असली विधेयकं फेटाळली होती. म्हणजे सही न करणं शक्य होतं. आम्ही गव्हर्नरच्या ऑफिसला फोन केले, मेल पाठवले, कमिशनचे आणि भरलेल्या कराचे कागद जोडले. उत्तर म्हणून आलं ते छापील पत्र, वर माझं नावही चुकीचं. त्यांचं म्हणणं एकच, 'मेन स्ट्रीट'वरच्या छोट्या दुकानदाराला न्याय मिळाला पाहिजे. मग मी कोण? माझ्याहून छोटं दुकान दाखवा या राज्यात!

न्यायाच्या गोष्टी यांनी सांगूच नयेत. जानेवारीत, जुन्या विधानसभेची मुदत संपता संपता, याच लोकांनी राज्याचा इन्कम टॅक्स तीन टक्क्यांचा पाच टक्के केला. हे विधेयकही त्याच घाईत पुढे रेटलं. शाळांची, संस्थांची बिलं राज्यानं महिनोन् महिने थकवलीत. एक माजी गव्हर्नर तुरुंगात आहे, दुसऱ्याचा खटला पुढच्या महिन्यात पुन्हा उभा राहतोय. आय-८८ हायवेवर टोल देतो, घरपट्टी ऐकली तर पुण्यातल्या माणसाला घेरी येईल, आणि आता राज्याच्या इन्कम टॅक्सच्या फॉर्मवर ऑनलाइन खरेदीच्या यूज टॅक्सची, म्हणजे बिनकराच्या खरेदीवर गिऱ्हाइकानं स्वतः भरायच्या कराची, ओळही आली आहे. ती ओळ मी भरते. ज्यानं खरेदी केली त्यानं कर भरावा, हे मला मान्यच आहे. सगळ्या देशाला एकच नियम लावायचा असेल तर वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, करावा, क्विल खटल्यात कोर्टानंच तो रस्ता दाखवून ठेवलाय. पण ते अवघड काम आहे. त्यापेक्षा नेपरव्हिलमधल्या बाईची मान पिरगाळणं सोपं.

आपल्या लोकांचंही सांगून टाकते, आज सगळंच बाहेर पडू दे. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहून "कुठला मिक्सर घेऊ गं?" असं विचारायचं, अर्धा तास माझ्याकडून सगळं समजून घ्यायचं, आणि घरी जाऊन भलतीकडूनच ऑर्डर द्यायची. वर "तुला काय, घरबसल्या पैसे!" पुण्याचे काका दर रविवारी स्काइपवर विचारतात, "अजून ते इंटरनेटचं चालू आहे का? मन रमतं ना, बरं आहे." मन रमवायला मी रात्री अकरा वाजता भिजवलेली उडदाची डाळ चौथ्या मिक्सरमध्ये घालून घड्याळ लावून बसत नाही, काका! त्या पैशांतून मुलीच्या कथ्थकची फी जाते. गेल्या डिसेंबरची भारताची तिकिटं त्यातूनच निघाली. हे काम आहे. त्यावर कर भरलेला आहे.

कायदा लागू होणार १ जुलैला, पण आमची कमाई त्याआधीच गेली. संघटना कोर्टात जायचं म्हणतेय, मी वर्गणी देणार. आमच्या आमदाराच्या ऑफिसातही जाणार आहे, मेलची छापील प्रत घेऊन, आणि त्यानं कुठल्या बाजूनं मत दिलं ते तोंडावर विचारणार आहे.

कॅलिफोर्निया आणि कनेक्टिकटमधल्या मंडळींनो, तुमच्याकडेही असली विधेयकं पुढे सरकताहेत. सही व्हायची वाट बघत बसू नका. आत्ता फोन करा, आणि पलीकडच्या माणसाला 'आमच्यावर अन्याय होतोय' असं नुसतं सांगू नका, ते त्यांना रोज ऐकू येतं. गेल्या वर्षी कमिशनवर राज्याला किती कर भरला तो आकडा सांगा, आणि विचारा की तो पुढच्या वर्षी कुठून आणणार आहात.