इओसिनोफिल दिसले म्हणजे रिजेक्शनच, असं नाही

'बायोप्सीत इओसिनोफिल म्हणजे तीव्र रिजेक्शन' हे मूत्रपिंड प्रत्यारोपणावरच्या लेखातलं वाक्य मला फार घाईचं वाटलं. इओसिनोफिल या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी. प्रत्यारोपित मूत्रपिंडात त्या रिजेक्शनमध्ये, म्हणजे शरीर नवा अवयव नाकारतं तेव्हा, दिसतात, तशाच औषधाच्या ॲलर्जीनेही जमतात. संसर्ग टाळायला अनेकांना दिलं जाणारं को-ट्रायमोक्साझोल हे त्यातलंच एक औषध. प्रत्यारोपित अवयवाची बायोप्सी वाचण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बान्फ वर्गीकरणात इओसिनोफिलना वेगळा गुणांक नाही. संख्या डोळ्यात भरण्याइतकी असेल तर दाहाच्या 'आय' गुणांकाला तारांकन जोडतात, एवढंच. रिजेक्शनच्या बाजूचा भक्कम पुरावा म्हणजे धमनीच्या आतल्या थराचा दाह, सी४डी (अँटीबॉडीच्या हल्ल्याची ऊतीत उरणारी खूण) आणि दात्याविरुद्धच्या अँटीबॉडी. स्टेरॉइडने रिजेक्शन आणि औषधाची ॲलर्जी दोन्ही शमू शकतात, त्यामुळे चुकीचं निदान झाकलं जातं आणि त्रास देणारं औषध तसंच चालू राहतं! म्हणूनच सांगते, बायोप्सीसोबत पॅथॉलॉजिस्टकडे औषधांची पूर्ण यादी, सुरू केल्याच्या तारखांसह, गेलीच पाहिजे.