बाटलीबद्दल विचारलं म्हणून हसता?

आज सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होईल, चालवून घ्या.

नात्यातल्या ग्रुपवर माझ्या भाचीने एक प्रश्न टाकला. बाळ अगदी तान्हं आहे, अंगावरचं दूध पुरत नाही, म्हणून पावडरचं दूध सुरू केलंय. तिने विचारलं, "कडकडीत पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतलं की प्लॅस्टिकचे कण सुटतात असं वाचलं. मग दूध कशात करू?" एवढंच. तर खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. "आमची पोरं नाही का वाढली?" "एवढं वाचत बसू नकोस, आहे ते दूधही आटेल." हे शेवटचं लिहिणारी बाई स्वतः आई आहे.

मुळात प्रश्न बरोबर होता. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे बाजारात सर्रास मिळतात त्या बाटल्या घेतल्या, नेहमीसारख्या निर्जंतुक केल्या, गरम पाणी घालून हलवल्या. ७० अंशांच्या पाण्यात लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत कण निघाले. पाणी २५ अंशांचं होतं तेव्हा सुमारे ६ लाख आणि ९५ अंशांना साडेपाच कोटी. सगळा खेळ उष्णतेचा आहे.

आणि तिची अडचण खरी आहे. पावडरमध्ये जंतू असू शकतात, म्हणून पाणी किमान ७० अंशांचं हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाणी गरम हवंच, आणि बाटली प्लॅस्टिकची. यातून वाट आहे, तीही त्याच संशोधकांनी सांगितली आहे. दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात करायचं, गार होऊ द्यायचं, मग बाटलीत ओतायचं. निर्जंतुक केलेली बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने किमान तीनदा विसळून घ्यायची. काचेचीच बाटली घेतली तर प्रश्नच मिटला. हे सांगायला किती वेळ लागला? हसण्यापेक्षा कमी.

"आमच्या वेळी" म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तुमच्या वेळी इतकं प्लॅस्टिक होतं कुठे? १९५० मध्ये जगात वर्षाला २० लाख टन बनत होतं, आता ४० कोटी टनांच्या वर बनतं. नष्ट होत नाही ते. झिजतं, तुटतं, बारीक होत जातं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान झालं की मायक्रोप्लॅस्टिक, आणि त्याहून कितीतरी बारीक, डोळ्यालाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारं ते नॅनोप्लॅस्टिक. इटलीतल्या डॉक्टरांना मायक्रोप्लॅस्टिक वारेत, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या अवयवात, सापडलं. वारेत! नेदरलँड्समध्ये २०२२ मध्ये २२ रक्तदात्यांचं रक्त तपासलं, त्यातल्या १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक होतं. २०२४ मध्ये इटलीतल्याच संशोधकांनी मानेच्या रोहिणीतून काढलेला चरबीचा थर तपासला. ज्यांच्या थरात प्लॅस्टिक होतं, त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका साडेचार पट दिसला.

हो, माहीत आहे, त्यावरून प्लॅस्टिकमुळेच झालं असं सिद्ध होत नाही. आणि "आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लॅस्टिक खातो" हा आकडा फुगवलेला आहे, तो फिरवू नका. पण सगळं सिद्ध होईपर्यंत बाळाच्या पोटात प्रयोग करायचा का?

दुपारी तिला फोन केला. आवाज बसलेला. "मावशी, मी काही चुकीचं विचारलं का गं?" रात्री बाळ मांडीवर झोपलं की ती एका हाताने मोबाईलवर हे वाचत बसते. माझा राग तिथेच निवळला. जी मुलगी स्वतः धड झोपत नाही, ती बाळासाठी एवढं शोधतेय, तिला शाबासकी द्यायची सोडून आपण तिला वेड्यात काढलं.

तिला म्हटलं, सगळं एकदम बदलायला जाऊ नकोस, हवेतलं प्लॅस्टिक काही तू थांबवू शकत नाहीस. गरम आणि प्लॅस्टिक एवढी जोडी तोड. मायक्रोवेव्हमध्ये प्लॅस्टिकचा डबा ठेवू नकोस, त्यावर "मायक्रोवेव्हला चालतो" असं छापलेलं असलं तरी. त्या छापाचा अर्थ डबा वितळणार नाही इतपतच, कण सुटणार नाहीत असा नाही. चरे पडलेले, पांढरट झालेले डबे आधी काढ. बाटलीबंद पाण्याची सवय नको. २०२४ मध्ये अमेरिकेत तपासलेल्या बाटल्यांत लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण मिळाले, बहुतेक नॅनो. नळाचं पाणी जड असेल तर उकळून गाळ, क्षारांच्या थरात बरेच कण अडकून मागे राहतात. आणि फरशी ओल्या फडक्यानेच पूस. पॉलिएस्टरचे कपडे, पडदे, गालिचे यांचे तंतू धुळीत असतात आणि बाळ उद्या त्याच जमिनीवर रांगणार आहे.

फोन ठेवला आणि पुन्हा चिडले, पण या वेळी नातेवाईकांवर नाही. एवढी यादी त्या पोरीने का सांभाळायची? बाटली तिने बनवली नाही. २०२२ मध्ये नैरोबीत १७५ देशांनी ठरवलं की प्लॅस्टिकवर बंधनकारक करार करायचा. २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानला बसले, जमलं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला बसले, पुन्हा हात हलवत परतले. तेल विकणाऱ्या देशांना उत्पादनावर मर्यादा नको आहे, कारण बहुतेक प्लॅस्टिक तेल आणि वायूतूनच येतं. तिकडे मोठमोठी माणसं वाक्यं खोडत बसतात आणि इकडे एक ओली बाळंतीण मध्यरात्री बाटली तीनदा विसळते.

माझी मागणी साधी आहे. दुधाच्या बाटलीवर, डब्यावर, कपावर कंपनीने छापावं की ७० अंशांच्या पाण्यात यातून किती कण सुटतात. मोजता येतं, संशोधकांनी मोजून दाखवलंय. विकणाऱ्याने मोजावं आणि ठळक अक्षरात लिहावं, आणि लहान मुलांच्या वस्तूंसाठी ते सक्तीचं करावं. ग्राहक चळवळीतलं किंवा कायद्यातलं कुणी माझ्या यादीत असेल तर सांगा, अर्ज कुठे आणि कसा करायचा. मसुदा मी लिहिते, सह्याही मीच गोळा करते.