भयकथा आवडणाऱ्यांचं मन आजारी नसतं

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तिघांनी पाठवला. सगळ्यात आधी मावशीने. खाली तिने एवढंच लिहिलं होतं, "तू हे एकदा वाच गं." मेसेजचा मथळा असा होता: 'भुतांचे सिनेमे आणि रक्तपिपासूंच्या कादंबऱ्या आवडणं हे आजारी मनाचं लक्षण आहे.' पुढे कारणं होती. अशा माणसांना दुसऱ्याच्या वेदनेत आनंद मिळतो. हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्याकडे असलं काही नव्हतं. यामुळे अंधश्रद्धा वाढते. ड्रॅक्युला हा खराखुरा खुनी राजा होता आणि हे लोक त्याला डोक्यावर घेतात. आणि एक पाहिला की सगळे पाहिले, रक्त आणि किंकाळ्यांपलीकडे त्यात काही नसतं.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. दिवसभर हातात रक्ताच्या पिशव्या असतात आणि रात्री उशाशी बहुतेक वेळा एखादी व्हॅम्पायरची, म्हणजे रक्त पिणाऱ्या भुताची, कादंबरी. आठवीत असताना वाचनालयातून नारायण धारपांची पुस्तकं आणायला लागले, तेव्हापासूनची ही आवड आहे. 'रक्ताची आवड असलेली माणसं' हे शब्द मेसेजमध्ये वाचले तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. म्हणून मावशीला दोन ओळींत उत्तर न देता एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

दुसऱ्याच्या वेदनेत आनंद मिळतो, हा आरोप सगळ्यात जिव्हारी लागणारा. भयपट पाहताना आपण कोणाच्या बाजूने असतो ते आठवून बघा. भिंतीवर सावली सरकत वर येते आणि आपला जीव खोलीत झोपलेल्या माणसासाठी कासावीस होतो. 'ऊठ, दार लाव' असं आपण मनातल्या मनात ओरडत असतो. त्या माणसाचं ज्याला काहीच वाटत नाही, त्याला भीती कुठून वाटणार? आणि भीतीच वाटली नाही तर तिकिटाचे पैसे फुकट गेले.

या विषयावर अभ्यासही झाले आहेत. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात हौसेने अनुभवलेल्या भीतीवर काम करणारा संशोधकांचा एक गट आहे. वायले गावातल्या एका भूतघरात त्यांनी ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून आत सोडलं. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांत जास्त मजा आली ती ना सगळ्यात घाबरलेल्यांना, ना अजिबात न घाबरलेल्यांना. मधल्या टप्प्यावर असलेल्यांना ती आली. झोपाळा किती उंच न्यायचा हे मूल जसं स्वतः ठरवतं, तसंच हे आहे. त्याच गटातल्या संशोधकांनी कोरोनाच्या पहिल्या लाटेत अमेरिकेत केलेल्या सर्वेक्षणात भयपटांच्या चाहत्यांनी मानसिक त्रास तुलनेने कमी झाल्याचं सांगितलं. सर्वेक्षण एका वेळचं आहे. भयपट पाहिल्यामुळेच मन घट्ट झालं, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण 'आजारी मन' हे तर मुळीच सिद्ध होत नाही.

काही जुन्या अभ्यासांत, ज्यांना सहानुभूती कमी त्यांना अशा दृश्यांची मजा जास्त, असा कल दिसला होता हे मला मान्य आहे. मात्र त्या अभ्यासांत हिंसाचार पाहण्याची मजा आणि भीती अनुभवण्याची मजा बरीचशी एकाच पारड्यात पडली होती. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात भयपट आवडण्याचा आणि सहानुभूती कमी असण्याचा असा संबंध आढळला नाही.

आता 'आपल्याकडे असलं काही नव्हतं'. मावशी, तू तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलंस, म्हणून हा मुद्दा खास तुझ्यासाठी.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत. त्यात भयानक आहे आणि बीभत्सही आहे. रंगभूमीवरची भीती आणि किळस यांचा आस्वाद घेता येतो, हे त्या ग्रंथाने गृहीतच धरलं आहे. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने रसाचा अनुभव म्हणजे नेमकं काय हे समजावताना उदाहरण घेतलं ते भयानकाचंच, आणि तेही शाकुंतलातलं. पहिल्या अंकातलं ते हरीण. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे. हरीण मान वळवून पुन्हा पुन्हा मागे बघतंय, बाण लागेल या भीतीने मागचं अंग पुढे ओढून घेतंय, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेलं दर्भ वाटेवर सांडतंय. 'ग्रीवाभङ्गाभिरामम्' हा श्लोक तू मला स्वयंपाकघरात शेंगा सोलता सोलता शिकवलास. अभिनवगुप्त म्हणतो, हे ऐकताना जी भीती मनात उभी राहते ती 'मी घाबरलो' अशी नसते आणि 'तो घाबरला' अशीही नसते. कोणाचीही नसलेली, निखळ भीती. ती आपल्याला पळवून लावत नाही, म्हणूनच तिची चव घेता येते. रात्री दिवा मालवून सिनेमा पाहताना मला जे होतं, त्याचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्याच भाषेत वाचलेलं नाही.

वेताळपंचविशी तर घराघरांत सांगितली गेली. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात ती आहे. स्मशान, झाडाला लटकणारं प्रेत, ते खांद्यावर घेऊन चालणारा राजा आणि प्रेताच्या तोंडून बोलणारा वेताळ. आमच्या आजोळी, वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत, वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री त्या पायात घालून गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. गोव्यातल्या अमोण्यातही बेताळाचं देऊळ आहे. आपला वेताळ रक्त पिणारा नाही. तो प्रेतात शिरतो, कोडी घालतो आणि काही गावांत देव होऊन राखणही करतो. त्याला सरळ 'व्हॅम्पायर' हे नाव दिलं ते मुंबई फौजेत नोकरी केलेल्या रिचर्ड बर्टनने, १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना. पुढे 'ड्रॅक्युला' लिहिणारा ब्रॅम स्टोकर या बर्टनला प्रत्यक्ष भेटला होता आणि बोलताना बर्टनचा सुळा कसा चमकायचा हे त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. गोष्टी अशा इकडून तिकडे गेल्या आणि तिकडून इकडे आल्या.

अंधश्रद्धेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात काळाचा क्रमच उलटा सांगितला आहे. व्हॅम्पायरवरचा विश्वास कादंबऱ्यांच्या कितीतरी आधीचा. १७२५ ते १७३२ च्या दरम्यान सर्बियातल्या गावांत प्रेतं उकरून त्यांच्या छातीत खुंट्या ठोकल्या गेल्या, आणि ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी आणि लष्करी डॉक्टरांनी त्याचे लेखी अहवाल केले. शेवटी १७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपल्या वैद्याकडून, गेरार्ड फान स्विटेनकडून, या प्रकरणांचा छडा लावला आणि प्रेतांच्या विटंबनेवर बंदी घातली. इंग्रजीतली पहिली गाजलेली व्हॅम्पायरकथा, जॉन पॉलिडोरीची, आली ती १८१९ साली.

याहून जवळची गोष्ट मर्सी ब्राऊनची. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एक्झिटर गावात एका शेतकऱ्याच्या घरात क्षय शिरला. आधी आई गेली, मग मोठी मुलगी, आणि जानेवारी १८९२ मध्ये एकोणीस वर्षांची मर्सी. मुलगा एडविनही खंगत चालला होता. शेजाऱ्यांनी बापाला गळ घातली की या मेलेल्यांपैकीच कोणीतरी रात्री उठून पोराला खातंय. १७ मार्चला तिघींची प्रेतं तपासली. मर्सी ऐन थंडीत गेलेली, तिचं शरीर टिकलेलं होतं आणि काळजात रक्त दिसलं. गोठवणाऱ्या थंडीत दोन महिन्यांत प्रेत कुजत नाही. हे सगळं नैसर्गिक आहे, असं तिथे हजर असलेल्या डॉक्टरने सांगितलं. कोणी ऐकलं नाही. काळीज खडकावर जाळलं आणि ती राख पाण्यातून एडविनला पाजली. तो दोन महिन्यांच्या आत गेला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने दहा वर्षांपूर्वीच, १८८२ साली दाखवून दिला होता.

त्या शेजाऱ्यांनी 'ड्रॅक्युला' वाचला नव्हता. तो आणखी पाच वर्षांनी, १८९७ साली लंडनमध्ये छापला गेला. उलट न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे ऱ्होड आयलंड ज्यात येतं त्या भागातल्या, या प्रकारांबद्दलचं वृत्तपत्राचं कात्रण स्टोकरच्या टिपणांत सापडलं आहे. ज्याच्या भीतीने बापाने पोटच्या पोरीचं काळीज जाळू दिलं, ते भूत कादंबरीत आलं आणि वाचक ते मिटून झोपू लागले. भूत पुस्तकात गेलं की ते लेखकाने रचलेलं आहे हे मुखपृष्ठावरच छापलेलं असतं.

एका ठिकाणी मेसेज लिहिणाऱ्याशी मी सहमत आहे. 'सत्यघटनेवर आधारित' अशी पाटी लावून कल्पित भूत खरं म्हणून विकणं, किंवा शेवटी डॉक्टरला मूर्ख आणि मांत्रिकाला शहाणा ठरवणं, याची मलाही चीड आहे. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो भूतबाधेच्या नावाखाली माणसांना मारझोड करणाऱ्यांसाठी आहे. गोष्ट ही गोष्ट म्हणून सांगणाऱ्याशी त्याचं भांडण नाही. आणि अगदी लहान मुलांना हे दाखवू नये, असं मेसेजमध्ये असतं तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

खुन्या राजाचं, म्हणजे पंधराव्या शतकातल्या वालाशियाच्या (आजच्या रोमानियातल्या) व्लादचं, थोडक्यात सांगते. स्टोकरच्या टिपणांत कादंबरीतल्या रक्तपिपासू सरदाराचं आधीचं नाव 'काउंट वॅम्पायर' असं होतं. १८९० साली इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या वाचनालयात विल्यम विल्किन्सनच्या पुस्तकात त्याला 'ड्रॅक्युला' हा शब्द मिळाला. तिथे तळटीपेत वालाशियाच्या भाषेत त्याचा अर्थ सैतान असा दिला होता. नाव त्याला आवडलं. तुर्कांशी लढलेल्या एका सरदाराचा ओझरता उल्लेख सोडला तर व्लादचं चरित्र कादंबरीत नाही, सुळावर चढवण्याच्या त्याच्या कथाही नाहीत. कादंबरीत ड्रॅक्युलाचा वाडा आहे त्या ट्रान्सिल्व्हेनियाला स्टोकर कधी गेलाच नाही. व्लाद म्हणजेच ड्रॅक्युला, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं ते १९७२ साली आलेल्या एका पुस्तकानंतर.

राहिलं 'एक पाहिला की सगळे पाहिले'. उन्हात व्हॅम्पायर जळून जातो, असं आज शाळकरी पोरही सांगेल. पण स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनच्या पिकाडिलीत भरदिवसा उभा असतो. ऊन त्याला मारतं हा नियम सिनेमाने आणला, १९२२ साली जर्मनीत दिग्दर्शक मुर्नाउच्या 'नोस्फेराटू'ने. तो सिनेमा स्टोकरच्या कादंबरीवरून परवानगी न घेता काढला होता. त्याच्या विधवा पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही वाचल्या, म्हणून आपण तो आज पाहू शकतो. १९३१ च्या सिनेमात ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीला सुळे दिसत नाहीत. १९५८ च्या सिनेमातला ड्रॅक्युला, ख्रिस्तोफर ली, याला ते रंगीत पडद्यावर, रक्ताळलेले दिसतात. प्रत्येकाने आधीच्या गोष्टीतलं काहीतरी बदललं, आणि नेमकं काय बदललं ते शोधण्यात माझ्यासारखीच्या रात्री जातात.

आणि रक्त? त्याबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे. 'ड्रॅक्युला' कादंबरीत लूसी नावाची मुलगी रोज सकाळी पांढरीफटक सापडते. तिला वाचवायला चार पुरुष आपलं रक्त देतात: तिचा होणारा नवरा आर्थर, मग डॉक्टर सुअर्ड, मग व्हॅन हेल्सिंग, मग क्विन्सी मॉरिस. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होते आणि रक्तगट शिकत होते. पुस्तक हातातून खाली ठेवलं. क्रॉसमॅच (दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का याची चाचणी) नाही, गट माहीत नाही, चार वेगवेगळे दाते! लूसीचा गट एबी, म्हणजे इतर गटांचं रक्तही चालणारा, असेल किंवा चौघांचंही रक्त योगायोगाने तिला जुळणारं असेल, तरच हे निभावण्याची काही आशा. पण शास्त्रज्ञ लँडस्टायनरने रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला तो १९०१ साली, कादंबरीनंतर चार वर्षांनी. स्टोकरच्या काळात एकाचं रक्त दुसऱ्याला देणं म्हणजे अंधारात उडी होती. ते चौघं ती उडी घेतात. सुअर्ड डायरीत लिहितो की आपल्या अंगातलं रक्त आपल्या आवडत्या बाईच्या शरीरात जाताना काय वाटतं, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे रक्तदानाच्या खाटेवर आडवे झालेले कितीतरी जण नळीकडे बघत विचारतात, "ताई, हे कोणाला जाणार?" तेव्हा मला ते पान आठवतं.

लूसी वाचत नाही. तिच्या अंत्यविधीनंतर आर्थर म्हणतो की आपलं रक्त तिला दिलं तेव्हाच आपलं लग्न लागलं, देवासमोर ती आपली बायको झाली. बाकीचे तिघं तिथेच उभे असतात. त्यांचंही रक्त तिच्या अंगात गेलेलं असतं, आणि आर्थरला ते माहीत नसतं. तिघांपैकी कोणीही एक शब्द बोलत नाही, आणि कधीच बोलणार नाही असं सुअर्ड डायरीत लिहून ठेवतो. मावशी, मी येत्या रविवारी येते तेव्हा हे पान तुला वाचून दाखवते.