मुलींचा टक्का आणि 'आवडी'चा निष्कर्ष

माध्यमिक स्तरावरच्या व्यावसायिक शिक्षणाविषयी एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. सोबत एक आलेख आणि खाली तीन विधाने: मुलींचा टक्का वर्षानुवर्षे निम्म्याच्या खालीच आहे, दारे तर सगळ्यांना कधीचीच उघडी आहेत, तेव्हा मुलींना हातांनी करायच्या कामाची आवडच नाही. हे वाचून एखाद्या घरात मुलीचा वायरमनचा अर्ज मागे घेतला जाऊ शकतो. म्हणून एकेक विधान तपासायला हवे.

'टक्का निम्म्याच्या खाली.' बहुतेक देशांत तसेच आहे. पण हा आकडा व्यावसायिक कोर्सच्या विद्यार्थ्यांत मुलींचा वाटा सांगतो. मुलींपैकी किती जणी तिकडे वळल्या, हे त्यातून कळत नाही. समजा, 200 मुलगे आणि 200 मुली शिकत होत्या. वाटा 50 टक्के. पुढे मुलगे 300 झाले, मुली 250. वाटा सुमारे 45 टक्क्यांवर उतरला, मुली मात्र वाढल्या. उलट मुलगे 100 आणि मुली 150 उरल्या, तर वाटा 60 टक्के होतो, आणि मुली मात्र घटलेल्या असतात. शिवाय अनेक देशांत परिचारिकांचे प्रशिक्षण माध्यमिक स्तरावरून उचलून उच्च शिक्षणात नेले गेले. ते वरच्या स्तरावर गेले की माध्यमिकच्या तक्त्यातून त्या मुली गळतात. आलेखावर ती घट दिसते; खरे तर शिकणाऱ्या मुली तेवढ्याच असतात.

'दारे कधीचीच उघडी आहेत.' या विधानाचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण इथे कायद्यांचा इतिहासच पुसला जातो. अमेरिकेत 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, औद्योगिक ट्रेड आणि गृहविज्ञान यांसाठी केंद्राचा पैसा दिला. व्यवहारात मुलग्यांच्या वाट्याला वर्कशॉप आले आणि मुलींच्या वाट्याला गृहविज्ञान. सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणात लिंगभेदाला मनाई झाली ती 1972 मध्ये. चारच वर्षांनी, 1976 मध्ये, या भेदावर लक्ष ठेवायला प्रत्येक राज्याने पूर्णवेळ माणसे नेमावीत, असा कायदा करावा लागला. 1984 च्या कायद्याने यासाठी निधीचा ठरावीक हिस्सा राखून ठेवला. 1998 मध्ये ती राखीव तरतूद निघाली. दारे आपोआप उघडी असती तर एवढे कायदे कशाला लागले असते? दार उघडायला पैसा आणि माणसे लागली, आणि ती पुढे काढूनही घेतली गेली.

'हातांनी करायच्या कामाची आवड नाही.' शिवणकाम, केशरचना, स्वयंपाक, रुग्णसेवा ही कामे कशाने करतात? व्यावसायिक कोर्समधल्या मुली जास्त करून याच वर्गांत आहेत आणि दिवसभर हातांनीच काम करत आहेत. खरा फरक आहे तो कोणत्या ट्रेडला किती मोबदला मिळतो याचा. जर्मनीत कारखाना आणि शाळा मिळून चालणाऱ्या दुहेरी प्रशिक्षणात शिकाऊ उमेदवाराला दरमहा भत्ता मिळतो. तिथे मुली अल्पसंख्य आहेत. बालसंगोपन, फिजिओथेरपी यांसारख्या शाळेत चालणाऱ्या कोर्सेसमध्ये मुलीच जास्त, आणि तिथे कित्येक वर्षे भत्ता तर नव्हताच, काही ठिकाणी वर फी भरावी लागे. याला आवड कसे म्हणायचे?

अशी कामे मुलींच्या ताकदीबाहेरची आहेत, असेही म्हटले जाते. तो मुद्दा थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिकेत मुलींना अल्पकाळाचे प्रशिक्षण देऊन वेल्डर, रिव्हेटर, टर्नर केले गेले, आणि त्यांनी जहाजे व विमाने बांधली. युद्ध संपल्यावर त्या जागा परतलेल्या पुरुषांसाठी रिकाम्या करून घेतल्या.

राहिला प्रवेशानंतरचा भाग, ज्याचा त्या मजकुरात उल्लेखच नाही. फिटरच्या अख्ख्या बॅचमध्ये एकटी मुलगी, वर्कशॉपमध्ये कपडे बदलायला जागा नाही, आणि शेवटी शिकाऊ उमेदवारीसाठी कारखान्याने तिला घ्यायला हवे. उमेदवारी हा जिथे कोर्सचाच भाग असतो, तिथे घेतले नाही तर प्रशिक्षण अर्धवट राहते, आणि तिची नोंद गळतीत होऊ शकते. आलेख फिरवायचाच असेल तर ट्रेडनिहाय प्रवेश, कोर्स पूर्ण केलेल्या मुली आणि उमेदवारी मिळालेल्या मुली अशा तीन रेघा त्यात हव्यात.